आरोग्यसेविकेच्या हाती सोनोग्राफी: कितपत आणि कोणत्या अटींवर?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन गरोदर बायकांची नोंद करणे, रक्तदाब पाहणे, गोळ्या देणे हा माझ्या कामाचा मोठा भाग असतो. नोंदीतला पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा असतो. तारीख सहसा कोणी सांगत नाही, सण सांगतात; म्हणून मागच्या वर्षीची दिनदर्शिका मी पिशवीत ठेवूनच फिरते.

२०२४ च्या जानेवारीत, २५ तारखेला, एका कोपीवर एक विशीतली बाई भेटली. "श्रावणातल्या अमावास्येला पाळी आली होती," असे तिने खात्रीने सांगितले. अडचण अशी की २०२३ साली श्रावण दोन होते. अधिक श्रावणाची अमावास्या १६ ऑगस्टला होती आणि निज श्रावणाची सप्टेंबरच्या मध्यावर. पहिली धरली तर तिला तेवीस आठवडे झालेले, दुसरी धरली तर एकोणीस. "पोळा झाला होता का गं तेव्हा?" असे मी विचारले, कारण पोळा निज श्रावणातच येतो. ती म्हणाली, "आमचे बैल विकून दोन वर्षे झाली, बाई. पोळा कुठला ध्यानात राहतोय?" पोटावर टेप लावली तर एकवीस सेंटिमीटर भरले; जितके सेंटिमीटर तितके आठवडे असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे टेपेनेही दोन्ही तारखांच्या मधला आकडा दाखवला. आधीची सोनोग्राफी झाली होती का, ते तिला सांगता येईना. गावाकडे काहीतरी कागद होता आणि तो पत्र्याच्या पेटीत राहिला होता.

सोनोग्राफीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवायचे तर तेथे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. ती गेली की दिवसाचा खाडा पडतो, आणि नवराबायको मिळून एक कोयता धरला जात असल्यामुळे तो दोघांचाही पडतो. ती तिसऱ्या आठवड्यात गेली, तेव्हा कुठे निज श्रावण खरा ठरला.

चार आठवड्यांनी काय बिघडते, असे एखाद्याला वाटेल. चौतिसाव्या आठवड्याच्या आत कळा सुरू झाल्या, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यायचे असते आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी त्याचा पहिला डोस आरोग्यसेविकेने द्यावा, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शिका २०१४ पासून आहे. इंजेक्शन माझ्या हातात आहे, परंतु ते द्यायचे की नाही हे ज्या आठवड्यांवर ठरते, ते आठवडे मोजण्याचे खात्रीचे साधन माझ्याकडे नाही.

म्हणून विचारते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गरोदर स्त्रीची चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली आहे. आपल्याकडे तज्ज्ञ तालुक्याला पुरत नाहीत. केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफ परिचारिकांचे अठरा महिन्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आखले, म्हणजे परिचारिकेवर अधिक जबाबदारी टाकावी हे तत्त्व मान्य झालेले आहे. मग ठोका आहे का, गर्भ एक की दोन, आठवडे किती, वार कुठे आणि शेवटच्या महिन्यात डोके खाली आहे का, एवढ्या पाच प्रश्नांपुरती सोनोग्राफी प्रशिक्षित सेविकेने का करू नये? व्यंग शोधण्याचा दावा मी करत नाही. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे; विरोध असला तरी चालेल.

क्षकिरण

ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे, तेव्हा माझ्या म्हणण्यात व्यवसायाचा स्वार्थ आहे असे कोणास वाटल्यास तो धोका पत्करून लिहितो.

आपल्या पाच प्रश्नांपैकी चार काही महिन्यांच्या शिक्षणाने सुटतील, हे मला मान्य आहे. आठवड्यांचा प्रश्न मात्र केव्हा तपासले यावर फार अवलंबून असतो. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली, तर चूक पाच ते सात दिवसांची राहते. शेवटच्या तीन महिन्यांत तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते, कारण तोवर कोणते बाळ मुळात लहान चणीचे आहे आणि कोणाची वाढ खुंटली आहे हे मोजमापावरून वेगळे करता येत नाही. जुळ्यांमध्येही नुसते "दोन आहेत" एवढे पुरत नाही. वार एक आहे की दोन, हे चौदाव्या आठवड्यापूर्वीच नीट दिसते आणि पुढची सगळी देखरेख त्यावर ठरते.

माझी खरी भीती निराळी आहे. "सोनोग्राफी झाली" हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले की सर्व काही ठीक आहे असे सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळे गृहीत धरतात. आपण पाच प्रश्न पाहिलेत आणि पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडे पाहिली नाहीत, हे कोणाच्या लक्षात राहणार? मग अठरा ते वीस आठवड्यांची सविस्तर तपासणी टळते.

आता कायदा. गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारे देशातले पहिले राज्य महाराष्ट्र होते, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. सोनोग्राफी कोणी करावी हे नियमांत ठरलेले आहे आणि त्यात फक्त पात्रताधारक डॉक्टर बसतात. साध्या एमबीबीएस डॉक्टरलाही सहा महिन्यांचे प्रशिक्षण सांगितलेले आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीमागे तपासणीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरावा लागतो. त्यातल्या कारकुनी चुका गुन्हा धरू नयेत, ही डॉक्टरांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी फेटाळली. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ओझे आपण आणि आपल्या सहकारी खरोखर घेणार आहात का?

कायदा उगीच कडक झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. आपल्याकडे येणाऱ्या अनेक टोळ्या ज्या बीडच्या असतात, तेथे ८०७. ही यंत्रे चालवणारे लोक पदवीधरच होते.

भुईकमळ

डॉक्टरसाहेब, आपले शेवटचे वाक्य आपल्याच मुद्द्याला छेद देते असे वाटत नाही का? पदवीने लिंगनिदान थांबले नाही, तर सेविकेच्या पदवीअभावी ते वाढेल असे कशावरून म्हणावे?

क्षकिरण

छेद देते, मान्य आहे. पण यंत्रांची आणि ती चालवणाऱ्या हातांची संख्या वाढली की देखरेख करणाऱ्या यंत्रणेचे काम वाढते, आणि ती यंत्रणा आजच किती पुरी पडते हे आपण पाहतोच. गावातल्या सेविकेवर येणारा दबाव माझ्यावर येणाऱ्या दबावापेक्षा जवळचा असतो. मी संध्याकाळी शहरात परततो; त्या तेथेच राहतात, त्याच दुकानातून किराणा घेतात.

उत्तरध्रुव

माझे पहिले बाळंतपण पुण्यात झाले आणि दुसरे नॉर्वेत, म्हणून दोन्हीकडचे सांगू शकते. येथे सुईणीला 'योर्मूर' म्हणतात. शब्द फोडला तर 'भूमाता' असा अर्थ निघतो, आणि तो मला फार आवडतो. १९८६ पासून येथे सर्व गरोदर स्त्रियांना अठराव्या आठवड्याच्या सुमारास एक सोनोग्राफी देऊ केली जाते आणि ती सहसा या सुईणीच करतात. पहिल्या तीन महिन्यांतली तपासणीही आता सर्वांसाठी खुली झाली आहे. त्यासाठी आधीच परिचारिका आणि मग सुईण झालेल्या बाईला सोनोग्राफीचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्रोन्हेमच्या विद्यापीठात तसा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

माझी तपासणी पाऊण तास चालली. पुण्यात डॉक्टर पडद्याकडे पाहून आकडे सांगत आणि सहायिका ते टंकत असे. माझ्याशी बोलणे शेवटच्या अर्ध्या मिनिटात होई. येथे त्या बाईने पडदा माझ्याकडे वळवला आणि एकेक अवयव दाखवत गेली. डाव्या मूत्रपिंडापाशी तिचा हात थांबला. ते थोडे फुगलेले दिसत आहे, त्यावर मत देणे माझे काम नाही, मी डॉक्टरांना दाखवते, असे तिने सरळ सांगितले आणि माझ्यासमोरच फोन करून पुढची वेळ ठरवली. पुढे काही निघाले नाही. परंतु आपली हद्द कोठे संपते हे तिला नेमके ठाऊक होते आणि हद्दीपलीकडे कोणीतरी फोन उचलणारे होते, हे दोन्ही मला सारखेच महत्त्वाचे वाटते.

एक गंमतही सांगते. मुलगा की मुलगी ते जाणून घ्यायचे आहे का, असे तिने सहज विचारले, तेव्हा मी दचकून भिंतीकडे पाहिले. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक माझे डोळे शोधत होते.

सावंतवाडीची_माई

मी आरोग्य सहाय्यिका म्हणून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या काळी चार पकडी शिकवत. आधी पोटाच्या वरच्या टोकाला काय आहे ते चाचपायचे, मग दोन्ही कुशींना पाठ कुठली आणि हातपाय कुठले ते पाहायचे, मग ओटीपोटावर डोके हलते का, आणि शेवटी पायाकडे तोंड करून ते किती उतरले आहे. डोके कठीण, गोल आणि हाताला टुणकन लागणारे असते. ढुंगण मऊ आणि बोजड असते. पाठ सापडली की ठोका कुठे ऐकायचा ते कळते. पायाळू बाळ मी कित्येकदा हातांनी ओळखले आहे. (पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते म्हणून आमच्या आळीतल्या एका गृहस्थांना लोक पहाटे उठवून नेत, पण ते असो.)

आता नव्या मुलींना पकडी विचारल्या की त्या "सोनोग्राफीत डोके खाली आहे म्हटलंय" असे कागद दाखवून सांगतात, आणि तो कागद दीड महिन्यापूर्वीचा असतो. बत्तिसाव्या आठवड्यात आडवे असलेले मूल छत्तिसाव्यात सरळ होते, क्वचित उलटही घडते. यंत्र हातात आले तर हे उरलेसुरले कौशल्यही जाईल, ही माझी धास्ती आहे.

तरीही कृष्णाकाठताईंच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. वार हाताला लागत नाही. एकदा आठव्या महिन्यातली एक बाई, पोटात कणभरही दुखत नसताना, अंगावरून लालभडक रक्त जाऊ लागले म्हणून बैलगाडीतून आली. अशा बाईची आतून तपासणी करायची नाही एवढे मला शिकवलेले होते, म्हणून मी हात लावला नाही आणि जीप मागवली. वार पिशवीच्या तोंडावर होती. बाई वाचली. ते तीन आठवडे आधी कळले असते, तर तिला जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांकडे आधीच नेऊन ठेवता आले असते.

क्षकिरण

माई, त्यात एवढीच भर घालतो की विसाव्या आठवड्यात वार खाली दिसलेल्या बहुसंख्य बायकांची वार पुढे पिशवी वाढते तशी वर सरकते. त्यामुळे बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहावे लागते; एकदाच पाहून "वार खाली आहे" असे सांगितले, तर उरलेले महिने घर उगीच घाबरून राहते.

ताळेबंद

सार्वजनिक आरोग्यातील संशोधन वाचणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. या प्रश्नावर एक मोठा प्रयोग झालेला आहे आणि त्याचे उत्तर निराशाजनक आहे. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला या पाच देशांत सुईणी, परिचारिका व तत्सम कर्मचाऱ्यांना दोन आठवड्यांचे शिक्षण आणि त्यानंतर तीन महिन्यांचा सराव देऊन, गरोदरपणात दोनदा सोनोग्राफी करायला लावली. २०१८ साली निष्कर्ष आले. कर्मचारी काम बरे शिकले. तथापि ज्या भागांत सोनोग्राफी झाली तेथे माता व बालकांचे मृत्यू कमी झाले नाहीत, तपासणीला येण्याचे प्रमाण वाढले नाही आणि अडचणीच्या प्रसूती रुग्णालयात होण्याचे प्रमाणही वाढले नाही.

याची तुलना गडचिरोलीशी करून पाहा. तेथे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळातील जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनची इंजेक्शने द्यायला शिकवले आणि बालमृत्यू स्पष्टपणे घटले. १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ओळखणारा आणि उपचार करणारा हात तेथे एकच होता. सोनोग्राफीत सेविका केवळ सांगते, पुढचे दुसऱ्या कोणीतरी करायचे असते, आणि तो दुसरा जागेवर नसेल तर सांगण्याचा उपयोग होत नाही. उत्तरध्रुव यांच्या सुईणीने फोन केला आणि तो उचलला गेला. पाच देशांतल्या त्या गावांमध्ये बहुधा तसे घडत नव्हते.

या हिशेबाने पाहिले तर ताईंच्या पाच प्रश्नांत मला आठवड्यांचा प्रश्न सर्वांत वजनदार वाटतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्यावर करायची कृती त्यांच्याच हातात आहे. स्टिरॉइडबद्दलचे दोन प्रयोग लागोपाठ वाचण्यासारखे आहेत. पहिला २०१५ चा, सहा देशांतला, त्यात आपले नागपूर आणि शेजारचे बेळगावही होते. गावपातळीवर, बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीशिवाय ठरवलेल्या आठवड्यांवर इंजेक्शने दिली. एकूण नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी किंचित वाढले, कारण इंजेक्शन मिळालेल्या अनेक बायकांची बाळे अपुऱ्या दिवसांची नव्हतीच. दुसरा २०२० चा. रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून इंजेक्शने दिली आणि मृत्यू घटले. दोन्हींत अर्थात आणखीही फरक होते, नवजात बाळाची काळजी हा त्यांतला मोठा. पण औषध तेच होते.

एकआड_एक

मी संगणकवाला आहे, चुकलो तर सांगा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जामा या नियतकालिकात एक अभ्यास आला. झांबियातील लुसाका आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे चारशे गरोदर स्त्रियांची तपासणी अशा लोकांनी केली, ज्यांनी पूर्वी सोनोग्राफी शिकलेली नव्हती. हातात मावणारा प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा पोटावर टेकवायचा भाग) पोटावरून ठरलेल्या रेषांत आडवा-उभा फिरवायचा, पडद्यावर काही शोधायचे नाही; आठवडे संगणक काढतो. चौदा ते सत्तावीस आठवड्यांच्या दरम्यान त्याची सरासरी चूक तज्ज्ञांइतकीच, सुमारे तीन दिवसांची होती. मग प्रतिमा दिसणारच नाही आणि फक्त आठवड्यांचा आकडा येईल असे यंत्र बनवले, तर लिंगनिदानाची भीती मुळातच संपत नाही का?

क्षकिरण

कल्पना चांगली आहे आणि मला तिच्याविरुद्ध वैद्यकीय आक्षेप फारसा नाही. कायदेशीर आक्षेप असा की नोंदणी नसलेल्या कोणालाही गर्भाचे लिंग ओळखण्याची क्षमता असलेले यंत्र विकता येत नाही. कायदा यंत्राची क्षमता पाहतो; आपण पडदा झाकला तरी आतला प्रोब तोच राहतो आणि सॉफ्टवेअर बदलणारा कोणीतरी भेटतोच. अशा यंत्राला सवलत द्यायची तर नियमांत बदल करावा लागेल, आणि तो बदल मागणाऱ्याला यंत्राचे कुलूप खरेच उघडत नाही हे आधी सिद्ध करावे लागेल. तोवर एक वाट आजही खुली आहे. २०१२ च्या नियमांनुसार, इतर आरोग्यसेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकात छोटे यंत्र ठेवता येते. चालवणारा मात्र पात्र डॉक्टर हवा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझी मागणी आता लहान झाली आहे, हे कबूल करते. पाच प्रश्न मागायला आले होते; आता आठवडे आणि बत्तिसाव्या आठवड्यानंतरची वार एवढ्यावर थांबले आहे, आणि तेही नियम बदलल्यावरच. माईंची धास्ती मला पूर्णपणे पटते, कारण मी स्वतः मागच्या महिन्यात एका बाईचे पोट नीट न चाचपता कागदावरूनच "डोके खाली" असे लिहिले होते आणि नंतर परत जाऊन पाहिले.

फिरत्या पथकाबद्दल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलेन. डिसेंबरमध्ये सगळ्या टोळ्या उतरलेल्या असतात. डॉक्टर कारखान्याच्या आवारात दोन दिवस संध्याकाळी बसले, तर कोणाचाच खाडा पडणार नाही. दुसरे असे मनात आहे की बायका गावाहून निघण्यापूर्वीच तेथील आशाताईंनी सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो त्यांच्या फोनमध्ये घालून द्यावा. क्षकिरणसाहेब, सगळा अहवाल पुसट आला तर त्यातले नेमके काय माता व बाल संरक्षण कार्डावर उतरवून घ्यायला सांगू?

क्षकिरण

तीन गोष्टी पुरेत: सोनोग्राफी कोणत्या तारखेला झाली, त्या दिवशी आठवडे व दिवस किती निघाले, आणि डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीचा मिलिमीटरमधला आकडा. तो ८४ मिलिमीटरपर्यंत असेल, तर त्यावरून काढलेली प्रसूतीची तारीख पक्की धरा. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत यंत्र नवी तारीख छापते आणि लोक कार्डावरची तारीख खोडून ती नवी लिहितात; ते करू देऊ नका. कार्डावर पहिल्या तारखेखाली लाल रेघ मारायला सांगा.

कृष्णाकाठ

लाल पेन पिशवीत टाकला आहे. सोमवारी पहिली टोळी उतरणार आहे, सात कोयते आहेत असे मुकादम म्हणाला. त्यांतल्या दोघी गरोदर आहेत.